अमेरिकेतलं बाळंतपण, आयव्हीएफ, कुटुंबनियोजन आणि एचएसए-एफएसए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी जोडप्यांकडून हे प्रश्न वर्षभर येत असतात. कंपन्यांचं ओपन एनरोलमेंट (पुढच्या वर्षाचा विमा आणि खाती निवडायचा काळ) सुरू झालं की ते आणखी वाढतात. इथले आकडे २०२६ चे आणि केंद्रीय कराचे आहेत. राज्याच्या कराबद्दल प्रश्न २३ पाहा. आमच्या पाहण्यात लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात ते तारखांमुळे: वैद्यकीय खर्चाचं खातं उशिरा उघडलं, रक्कम चुकीच्या वर्षात घातली, बाळ झाल्यावर त्याचं नाव विम्यात घालायची ३० दिवसांची मुदत हुकली. म्हणून प्रश्न ५ ते १० जरा निवांत वाचा, आणि शक्यतो दोघांनी मिळून वाचा.

१. एचएसए आणि एफएसए यांत नेमका फरक काय?

एचएसए म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, एफएसए म्हणजे फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट. दोन्हींत पगारातून कर कापला जाण्याआधीच पैसे बाजूला पडतात आणि ते वैद्यकीय खर्चावर करमुक्त वापरता येतात. एचएसए तुमच्या मालकीचं असतं. नोकरी बदलली तरी ते तुमचंच राहतं आणि शिल्लक कधीच बुडत नाही. मात्र त्यात पैसे घालायचे तर इन्शुरन्स 'हाय डिडक्टिबल' प्रकारचा हवा. डिडक्टिबल म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम. २०२६ मध्ये हा डिडक्टिबल एकट्यासाठी किमान १,७०० आणि कुटुंबासाठी किमान ३,४०० डॉलर असावा लागतो. वर्षाला एकट्याला ४,४०० आणि कुटुंबाला ८,७५० डॉलर घालता येतात. कंपनी जे घालते तेही यातच मोजलं जातं.

एफएसए कंपनीचं असतं. मर्यादा ३,४०० डॉलर. वर्षाअखेरीस उरलेले पैसे सहसा बुडतात. काही कंपन्या ६८० डॉलरपर्यंत पुढच्या वर्षात नेऊ देतात, काही ते वापरायला अडीच महिन्यांची जादा मुदत देतात, काही यातलं काहीच देत नाहीत. एफएसएचा मोठा फायदा असा की वर्षभरासाठी ठरवलेली पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी वापरता येते. एचएसएमध्ये जेवढे जमा झालेत तेवढेच काढता येतात. बाळंतपणाच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो (प्रश्न ७).

२. एवढा खटाटोप करून वाचतं किती?

तुमचा वरचा कर-टप्पा २२ टक्क्यांचा असेल आणि पैसे पगारातूनच कापले जात असतील, तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्केही वाचतात. म्हणजे ३,४०० डॉलरच्या एफएसएमागे साधारण हजार डॉलर आणि ८,७५० च्या एचएसएमागे साधारण २,६०० डॉलर. एचएसएमध्ये तुम्ही बँकेतून स्वतः पैसे भरलेत तर ते इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वजा होतात, पण ते ७.६५ टक्के परत मिळत नाहीत. कंपनीत पगारातून कापून घ्यायची सोय असेल तर तीच वापरा.

३. गरोदरपण आणि बाळंतपणाचे कोणते खर्च यातून चालतात?

डॉक्टरांची आणि मिडवाइफची फी, तपासण्या, सोनोग्राफी, एनआयपीटीसारख्या जनुकीय चाचण्या, हॉस्पिटल, भूल, सिझर, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), इन्शुरन्सचा को-पे (दर भेटीला आपण द्यायची ठरलेली रक्कम) आणि डिडक्टिबल हे सगळं चालतं. घरी करायची प्रेग्नन्सी टेस्ट, सॅनिटरी पॅड, ब्रेस्ट पंप, स्तनपानाबद्दलचा सल्ला, बाळंतपणानंतरची पेल्विक फ्लोअर थेरपी, बाळाचा थर्मामीटर आणि तापाचं औषध हेही. २०२० पासून साध्या औषधांना प्रिस्क्रिप्शन लागत नाही. प्रीनेटल व्हिटॅमिन्स जवळजवळ सगळे प्लॅन मान्य करतात. बाळंतपणाच्या वर्गाची फी चालते, पण सहसा आईच्या वाट्याचीच; सोबत बसणाऱ्या नवऱ्याची नाही. हॉस्पिटलपर्यंतच्या गाडीप्रवासाचे मैलाला साडेवीस सेंट आणि पार्किंगही घेता येतं. हे बहुतेक जण विसरतात.

डूलाचं (बाळंतपणात सोबत आणि आधार देणारी बाई) मात्र प्रत्येक प्लॅनगणिक वेगळं. काही जण डॉक्टरांचं 'मेडिकल नेसेसिटी'चं पत्र मागतात, काही त्यावरही अडतात. करार करण्याआधी प्लॅनला लेखी विचारा.

४. डिंकाचे लाडू, बाळंतिणीची मालीश, मॅटर्निटीचे कपडे, डायपर?

नाही, यातलं काहीच नाही. आळीव, डिंक, बाळंतशेपा, मालीश करायला येणाऱ्या बाई, प्रीनेटल योगा हा सगळा आयआरएसच्या (केंद्रीय कर खात्याच्या) नजरेत साधा घरखर्च आहे. डायपर, नेहमीचं फॉर्म्युला दूध, पाळणा, कार सीट आणि निरोगी बाळ सांभाळायला ठेवलेली नर्सही बाहेर. मॉलमधल्या स्टुडिओत आठवण म्हणून केलेली थ्री-डी सोनोग्राफी चालत नाही. डायपर चालत नसलं तरी डायपर रॅशचं मलम चालतं. बाळाला आजारामुळे डॉक्टरांनी खास फॉर्म्युला लिहून दिला असेल, तर नेहमीच्या फॉर्म्युल्यापेक्षा जो जास्तीचा खर्च होतो तेवढा पत्रासह मागता येतो.

५. अजून 'बातमी' नाही, पण वर्षभरात बाळाचा विचार आहे. आत्ता काय करावं?

इन्शुरन्स एचएसएला पात्र असेल तर आजच खातं उघडा आणि त्यात थोडे का होईना पैसे घाला. एचएसएमधून फक्त खातं सुरू झाल्यानंतरचेच खर्च भागवता येतात, आणि खातं मागच्या तारखेने उघडता येत नाही. हाय डिडक्टिबल प्लॅन असणं आणि एचएसए असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक जण जानेवारीपासून प्लॅनमध्ये असतात, पण खात्याच्या पोर्टलवर जाऊन शेवटचं बटण दाबत नाहीत, आणि मार्चमधलं फर्टिलिटी क्लिनिकचं बिल हातचं जातं.

खातं एकदा सुरू झालं की पुढे घाई नाही. आज बिल खिशातून भरा, पावती ठेवा, आणि तीन वर्षांनी एचएसएमध्ये पैसे साठले की तेव्हा काढा. त्याला मुदत नाही.

एफएसए निवडत असाल तर अंदाज बांधावा लागतो. ज्या वर्षी डिलिव्हरी होईल असं वाटतं त्या वर्षी पूर्ण ३,४०० घालायला सहसा हरकत नसते, कारण अमेरिकेत एका बाळंतपणाचा तुमच्या वाट्याचा खर्च याहून सहज जास्त होतो. पण नुसतं 'प्रयत्न चालू आहेत' अशा वर्षी आम्ही एवढी मोठी रक्कम सुचवत नाही. दिवस राहणं आपल्या हातात नसतं, आणि एफएसएचे पैसे वाट पाहत नाहीत.

प्लॅन निवडताना डिडक्टिबलपेक्षा 'आउट-ऑफ-पॉकेट मॅक्झिमम' (वर्षभरात तुमच्या खिशातून जास्तीत जास्त जाऊ शकणारी रक्कम) आधी बघा. बाळंतपणाच्या वर्षी बऱ्याच कुटुंबांचा खर्च त्याच्या जवळपास जातो. दोन प्लॅनची तुलना करताना वर्षभराचा प्रीमियम अधिक हा आकडा, वजा कंपनी एचएसएत घालते ती रक्कम, एवढं गणित कागदावर मांडा. अनेकदा ज्या प्लॅनच्या नावाला लोक घाबरतात तो हाय डिडक्टिबल प्लॅनच बाळंतपणाच्या वर्षीही स्वस्त पडतो.

६. ओपन एनरोलमेंट संपल्यावर दिवस राहिल्याचं कळलं. आता एफएसए वाढवता येईल का?

नुसत्या गरोदरपणावर नाही. लग्न, जोडीदाराच्या नोकरीतला बदल, बाळाचा जन्म या घटना चालतात. गरोदरपण त्यात बसत नाही. न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांत गरोदरपणात मार्केटप्लेसमधून (सरकारी विमा बाजारातून) विमा घेता येतो, पण त्याने कंपनीचं एफएसए उघडत नाही. जन्मानंतर, सहसा ३० दिवसांत, रक्कम वाढवता येते. मात्र बऱ्याच प्लॅनमध्ये वाढलेली रक्कम त्यानंतरच्या खर्चालाच लागू होते, म्हणजे डिलिव्हरीचं बिल त्यात येत नाही.

एचएसए असेल तर हा प्रश्नच उरत नाही. पगारातून कापायची रक्कम महिन्यातून किमान एकदा बदलता येते. कळलं त्याच महिन्यात वाढवा. वर्ष संपलं तरी त्या वर्षासाठीची रक्कम पुढच्या १५ एप्रिलपर्यंत भरता येते.

७. डॉक्टरांनी जानेवारीची तारीख दिली आहे. पैसे कोणत्या वर्षात घालू?

एफएसएमध्ये बघितली जाते ती सेवा मिळाल्याची तारीख. बिल कधी आलं, तुम्ही पैसे कधी दिलेत, याला किंमत नाही.

त्यात इथली एक पद्धत समजून घ्यायला हवी. बहुतेक ओबी (प्रसूतितज्ज्ञ) प्रत्येक भेटीचं वेगळं बिल करत नाहीत. नेहमीच्या प्रीनेटल भेटी, डिलिव्हरी आणि नंतरची तपासणी मिळून एकच 'ग्लोबल' बिल डिलिव्हरीच्या तारखेला निघतं. म्हणजे जुलै ते डिसेंबर तुम्ही दहा वेळा दवाखान्यात गेलात तरी त्या भेटींचा खर्च जानेवारीच्या वर्षात, नव्या डिडक्टिबलवर पडतो. रक्ताच्या चाचण्या, एनआयपीटी, विसाव्या आठवड्याच्या आसपासची अ‍ॅनॉटॉमी सोनोग्राफी यांची बिलं मात्र त्या त्या तारखेला वेगळी निघतात आणि जुन्या वर्षात राहतात.

म्हणून जानेवारीची तारीख असेल तर: जुन्या वर्षाच्या एफएसएमध्ये चाचण्या आणि किरकोळ खर्चापुरतेच पैसे असू द्या, आणि नव्या वर्षासाठी पूर्ण रक्कम निवडा. ती पूर्ण रक्कम १ जानेवारीलाच हातात असते, पगारातून मात्र वर्षभर थोडी थोडी कापली जाते. जानेवारीच्या बाळंतपणाला एफएसएइतकं सोयीचं काही नाही. आणखी एक फायदा म्हणजे डिडक्टिबल वर्षाच्या सुरुवातीलाच भरून निघतो. राहिलेले इतर उपचार त्याच वर्षी उरकून घ्या.

पण बाळं तारखा पाळत नाहीत. जानेवारीचं बाळ ख्रिसमसला आलं तर ग्लोबल बिल जुन्या वर्षात जातं, आणि नव्या वर्षासाठी निवडलेली एफएसएची रक्कम तशीच राहते. ती बाळाचं आजारपण, आईची फिजिओथेरपी, चष्मा, दात यांत बहुतेक वेळा संपते, तरी तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली असेल तर निवड थोडी हात राखून करा.

एचएसएवाल्यांना वर्षाची चिंता नाही. फक्त जानेवारीत खात्यात पैसे कमी असतात. हॉस्पिटलकडे हप्ते मागा. बरीच हॉस्पिटलं बिनव्याजी देतात. नाहीतर खिशातून भरून नंतर काढा.

८. ओबीच्या ऑफिसने डिलिव्हरीचे पैसे आगाऊ मागितलेत. ते एफएसए कार्डवर देऊ का?

बऱ्याच ठिकाणी सातव्या महिन्यापर्यंत तुमच्या वाट्याची अंदाजे रक्कम हप्त्याने भरायला सांगतात. एफएसएमधून न मिळालेल्या सेवेचे पैसे देता येत नाहीत. कार्ड मशीनवर चालेलही, पण पुढे प्लॅन पावती मागतो, आणि पावतीवर सेवेची तारीख नसली की पैसे परत करावे लागतात. आगाऊ रक्कम साध्या क्रेडिट कार्डवर द्या आणि डिलिव्हरीनंतर तारखेसह सविस्तर बिल घेऊन क्लेम करा. ऑफिस तयार असेल तर झालेल्या भेटींचं तारखावार विवरणही मिळतं. काही प्लॅन ते मान्य करतात.

आगाऊ भरलेली रक्कम अंदाजाने ठरलेली असते, हेही लक्षात ठेवा. प्रत्यक्ष हिशोब कमी निघाला तर फरक परत मागावा लागतो. आपणहून चेक पाठवतीलच असं नाही.

९. माझं एचएसए आणि बायकोच्या कंपनीत एफएसए. दोन्ही चालेल ना?

इथे दोघंही नोकरी करणारी जोडपी हमखास अडकतात. बायकोचं सर्वसाधारण एफएसए कायद्याने नवऱ्याच्या खर्चालाही लागू असतं, मग तुम्ही ते वापरा किंवा नका वापरू. त्यामुळे तुम्ही एचएसएमध्ये पैसे घालायला अपात्र ठरता. नेहमीचा उपाय: तिने 'लिमिटेड पर्पज' एफएसए घ्यावं, जे फक्त दात आणि डोळ्यांसाठी असतं. मागच्या वर्षाच्या सर्वसाधारण एफएसएमधून दहा डॉलर जरी पुढे आले तरी तीच अडचण येते, म्हणून एचएसएकडे वळण्याआधी ते खातं शून्यावर आणा.

खर्च करताना मात्र मोकळीक आहे. तुमच्या एचएसएमधून बायकोचा खर्च करता येतो, तिचा इन्शुरन्स दुसऱ्या कंपनीचा असला तरी. ती एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असेल, नोकरी करत नसेल, सोशल सिक्युरिटी नंबर नसेल, तरीही.

१०. बाळाच्या नावाने वेगळं बिल आलं. आईच्या इन्शुरन्समध्ये ते येत नाही का?

जन्मल्या क्षणापासून बाळ हा वेगळा पेशंट असतो. नर्सरी, बालरोगतज्ज्ञ, ऐकण्याची चाचणी यांची बिलं त्याच्या नावाने येतात आणि कित्येक प्लॅनमध्ये त्याचा डिडक्टिबलही वेगळा असतो. ही बिलं एचएसए-एफएसएमधून चालतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंपनीच्या प्लॅनमध्ये बाळाचं नाव ३० दिवसांच्या आत घालावं लागतं. मार्केटप्लेसच्या प्लॅनला ६० दिवस मिळतात. वेळेत नाव घातलं की विमा जन्मतारखेपासून लागू होतो. सोशल सिक्युरिटी नंबर यायला काही आठवडे लागतात. त्यासाठी थांबू नका. हॉस्पिटलने दिलेल्या जन्माच्या कागदावर विम्याचा अर्ज करा आणि नंबर नंतर द्या. हॉस्पिटलने इन्शुरन्सला कळवलं म्हणजे झालं, असं समजून ही मुदत हुकलेली कुटुंबं दर वर्षी भेटतात. एनआयसीयूत बाळ असताना ही चूक झाली तर घर हादरतं. आठव्या महिन्यातच एचआरच्या पोर्टलवर ते पान कुठे आहे ते दोघांनी बघून ठेवा.

बाळामुळे 'एकट्याचा' असलेला विमा 'कुटुंबाचा' झाला तर एचएसएची मर्यादाही त्या महिन्यांच्या हिशोबाने वाढते. १ डिसेंबरला कुटुंबाचा प्लॅन असेल तर पूर्ण वर्षाची ८,७५० ची मर्यादा वापरता येते, पण मग पुढचं अख्खं वर्ष एचएसएला पात्र राहावं लागतं.

११. बिलं येऊ लागलीत. लगेच भरू का?

इन्शुरन्सकडून ईओबी (बिलातलं किती त्यांनी आणि किती तुम्ही द्यायचं याचा हिशोब) येईपर्यंत थांबा. त्यावर 'तुमची जबाबदारी' असा एक रकाना असतो. तो आकडा आणि बिलावरचा आकडा जुळला की मगच पैसे द्या. हॉस्पिटल, ओबी, भूलतज्ज्ञ, लॅब आणि बालरोगतज्ज्ञ यांची पाच वेगळी बिलं येणं नेहमीचं आहे. हॉस्पिटल नेटवर्कमधलं पण भूलतज्ज्ञ बाहेरचा निघाला, तर २०२२ पासून लागू असलेल्या नो सर्प्रायझेस कायद्यामुळे तो तुमच्याकडून नेटवर्कच्या दरापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. तसं बिल आलं तर भरू नका, आधी इन्शुरन्सला फोन करा.

१२. ब्रेस्ट पंप एफएसएमधून घेऊ का?

आधी इन्शुरन्सकडून घ्या. अफोर्डेबल केअर कायद्याखाली बहुतेक प्लॅनना पंप फुकट द्यावा लागतो, सहसा त्यांनी ठरवलेल्या पुरवठादाराकडून. त्याहून भारी मॉडेल हवं असेल तर वरचा फरक, जास्तीचे सुटे भाग, दूध साठवायच्या पिशव्या यांना एचएसए-एफएसए वापरा. आयआरएसने २०११ मध्ये पंप आणि स्तनपानाचं साहित्य वैद्यकीय खर्च म्हणून मान्य केलं. अन्न साठवायला घेतलेल्या जादा बाटल्या त्यात येत नाहीत.

१३. आयव्हीएफ, आययूआय, एग फ्रीझिंग?

आयव्हीएफ आणि त्याची औषधं, आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं), तपासण्या, आधीच्या नसबंदीची उलट शस्त्रक्रिया, बीजांड किंवा शुक्राणू तात्पुरते साठवणं हे आयआरएसच्या पब्लिकेशन ५०२ (वैद्यकीय खर्चांची पुस्तिका) नुसार चालतं. 'तात्पुरतं' म्हणजे किती, हे त्यात लिहिलेलं नाही. पुष्कळ प्लॅन एका वर्षापर्यंत धरतात. वंध्यत्वाचं निदान नसताना, पुढे कधीतरी लागतील म्हणून बीजांडं गोठवणं वादात सापडू शकतं. कॅन्सरच्या उपचाराआधी गोठवली असतील तर डॉक्टरांचं पत्र जोडा.

आयव्हीएफच्या एका सायकलचा (उपचाराच्या एका फेरीचा) खर्च पंधरा हजार डॉलर आणि त्याहून वर सहज जातो, तेव्हा एका वर्षाच्या एफएसएने भागत नाही. शक्य असेल तर सायकल दोन करवर्षांत विभागा: तपासण्या आणि बीजांड काढणं डिसेंबरमध्ये, गर्भ सोडणं जानेवारीत. पण हे डॉक्टर हो म्हणाले तरच. तीन सायकलींचं पॅकेज घेतलंत तर एफएसएला प्रश्न ८ चाच नियम लागतो.

या प्रवासात हिशोब ठेवणं जिवावर येतं, हे आम्ही जाणतो. एका लिफाफ्यात नुसत्या पावत्या टाकत राहा. एचएसए असेल तर बाकीचं नंतर करता येईल.

१४. डोनर किंवा सरोगेटचा खर्च?

सरोगेटचा नाही. तिचा शोध, मोबदला आणि तिचे वैद्यकीय उपचार हा सगळा खर्च तुम्ही, जोडीदार किंवा तुमच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती सोडून तिसऱ्याच माणसावरचा आहे, असं आयआरएसने स्पष्ट लिहिलं आहे. तुमचं बीजांड काढण्याचा, तुमच्या तपासण्यांचा खर्च चालतो. पत्नी स्वतः गर्भ वाढवणार असेल आणि बीजांड डोनरचं असेल तर आयआरएसने २००३ मधल्या एका निर्णयपत्रात डोनरचा खर्च मान्य केला होता. असं पत्र ज्याला दिलं त्याच्यापुरतंच असतं, त्यामुळे इथे सीपीएचा (कर सल्लागाराचा) सल्ला घ्याच.

१५. गोळ्या, कॉपर टी, कंडोम, नसबंदी?

सगळं चालतं. कंडोमबद्दलची शंका आयआरएसने ऑक्टोबर २०२४ मध्ये मिटवली. प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणाऱ्या गोळ्या आणि इमर्जन्सी गोळीही चालते.

एक प्रश्न सारखा येतो: बायकोची शस्त्रक्रिया इन्शुरन्समध्ये फुकट, मग नवऱ्याच्या नसबंदीला हजार डॉलर का? कारण स्त्रियांची गर्भनिरोधकं आणि शस्त्रक्रिया कायद्याने प्रतिबंधक सेवा मानल्या जातात, पुरुषाची नसबंदी नाही. एचएसएच्या प्लॅनला ती डिडक्टिबलनंतरच देता येते. तरी ती शस्त्रक्रिया लहान, अर्ध्या तासाच्या आतली असते. नुसता 'फुकट' शब्द बघून निर्णय घेऊ नका. बाळंतपणाच्या वर्षी डिडक्टिबल आधीच भरला असेल तर त्याच वर्षी नवऱ्याने ती उरकावी.

१६. गर्भ टिकला नाही. त्या उपचारांचा खर्च?

चालतो. डी अँड सी (गर्भाशय साफ करण्याची शस्त्रक्रिया), औषधं, इमर्जन्सी, नंतरच्या तपासण्या आणि निदान झालेल्या मानसिक त्रासासाठी घेतलेली थेरपीही. कायदेशीर गर्भपातही पब्लिकेशन ५०२ मध्ये मान्य आहे. राहत्या राज्यात उपचार मिळत नाहीत म्हणून दुसऱ्या राज्यात जावं लागलं तर प्रवास, आणि मुक्कामाचे माणशी रात्री ५० डॉलरपर्यंत घेता येतात. जेवण नाही. यात क्लेमची घाई करू नका. एफएसएची मुदत बघून ठेवा, तेवढं पुरे.

१७. कॉर्ड ब्लड बँकिंग (बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवणं)?

पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून केलं तर नाही. घरात एखाद्याला असलेल्या किंवा होऊ घातलेल्या विशिष्ट आजाराच्या उपचारासाठी असेल तर डॉक्टरांच्या पत्रासह हो.

१८. बाळंतपणाला माहेरी, पुण्याला जायचं ठरवलंय. तिथलं बिल चालेल?

हॉस्पिटल आणि डॉक्टरांचं बिल चालतं. सेवा अमेरिकेतच घेतली पाहिजे अशी अट नाही. पेशंटचं नाव, तारीख, उपचाराचा तपशील आणि रक्कम असलेलं इंग्रजी बिल डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या. अमेरिकेत परतल्यावर फोनवरून ते मिळवणं फार कष्टाचं असतं. नुसती 'बाळंतपण पॅकेज' लिहिलेली पावती प्लॅन परत पाठवतो. त्या दिवशीचा डॉलरचा दर लिहून जोडा. विमानाचं तिकीट मात्र नाही, कारण आईजवळ राहायला जाणं हे वैयक्तिक कारण धरलं जातं.

बाळाच्या बिलात मेख आहे. अमेरिकन नागरिकत्व नसलेलं आणि भारतातच राहिलेलं बाळ करासाठी तुमचं 'डिपेंडंट' ठरत नाही, त्यामुळे त्याचा खर्च या खात्यांतून करता येत नाही. बाळ त्याच वर्षी अमेरिकेत आलं तर काय, याचं उत्तर तारखांवर आणि व्हिसावर ठरतं; सीपीएला विचारा.

१९. आई किंवा सासूबाई मदतीला येणार आहेत. त्यांचा खर्च?

व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील तुमचे कराचे डिपेंडंट नसतात, म्हणून त्यांचे दवाखान्याचे आणि औषधांचे खर्च चालत नाहीत. तिकीट नाही, व्हिजिटर इन्शुरन्सचा प्रीमियमही नाही. एचएसएमधून इन्शुरन्सचा प्रीमियम मोजक्या बाबतीतच भरता येतो (प्रश्न २२). तरी त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स वेगळ्या पैशाने घ्याच. नातवंडाच्या आनंदात तोच राहून जातो.

२०. भारतातून मागवलेली औषधं?

परदेशातून मागवलेली किंवा सामानातून आणलेली औषधं चालत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, दोन्ही देशांत कायदेशीर असलेलं औषध भारतात विकत घेऊन तिथेच वापरलं तर चालतं.

२१. डे-केअर एफएसएमधून भरता येतं का?

त्यासाठी 'डिपेंडंट केअर एफएसए' हे वेगळं खातं लागतं. त्याची मर्यादा २०२६ पासून कुटुंबाला ७,५०० डॉलर झाली आहे, कंपनीने ती लागू केली असेल तर. यात पैसे जमा होतील तसेच मिळतात. साधारण अट अशी की दोघंही नोकरी करत असावेत किंवा एक जण पूर्णवेळ शिकत असावा. जोडीदार एच-४ वर घरी असेल, ईएडी (काम करण्याचा परवाना) नसेल आणि शिकत नसेल, तर हे खातं घेऊ नका. आजीला पैसे देऊन क्लेम करण्याची कल्पना कुणी सुचवली तर स्पष्ट नाही म्हणा. व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही.

२२. गरोदरपणात नोकरी गेली. खात्यांचं काय?

एफएसएमध्ये नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंतच्या सेवांचा क्लेम करता येतो, ठरलेल्या मुदतीत. कापल्या गेलेल्या रकमेपेक्षा जास्त वापरलं असेल तर कंपनी ते परत मागू शकत नाही. म्हणून ले-ऑफची कुणकुण लागली तर राहिलेल्या चाचण्या, चष्मा, पंपाचं साहित्य लगेच घ्या. एचएसए तुमच्याकडेच राहतं, आणि कोब्राचा (नोकरी गेल्यावर कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय) प्रीमियम त्यातून भरता येतो. एच-१बी वर नवी नोकरी शोधायचं ६० दिवसांचं घड्याळ चालू असताना आणि डिलिव्हरी जवळ असताना कोब्रा महाग वाटला तरी सोडू नका. भारतात कायमचे परतलात तरी तिथल्या स्वतःच्या आणि जोडीदाराच्या उपचारांना एचएसए वापरता येतं; नवे पैसे मात्र घालता येत नाहीत.

२३. आम्ही एडिसनला राहतो, भाऊ फ्रीमाँटला. राज्याच्या करात काही फरक?

हो, आणि नेमका तुम्हा दोघांनाच. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया ही राज्यं एचएसए मानत नाहीत. तिथे एचएसएत घातलेल्या पैशावर आणि त्यावर मिळालेल्या व्याजावर राज्याचा कर लागतो. केंद्रीय कर आणि ७.६५ टक्के तरीही वाचतात, त्यामुळे खातं फायद्याचंच आहे. फक्त प्रश्न २ मधल्या बचतीत राज्याचा कर मिळवू नका.

२४. पावत्या किती दिवस ठेवू? आणि चुकून भलत्या गोष्टीवर खर्च झाला तर?

एफएसए पावती क्लेमच्या वेळीच मागतं. एचएसए मागत नाही. तिथे हिशोब तुम्ही ठेवायचा आणि रिटर्नमध्ये फॉर्म ८८८९ भरायचा. पैसे ज्या वर्षी काढले त्या वर्षाच्या रिटर्ननंतर किमान तीन वर्षं पावती सांभाळा. आज खर्च करून दहा वर्षांनी काढणार असाल तर तोवर ठेवायलाच हवी. पावतीचा थर्मल कागद पुसट होतो, म्हणून फोटो काढून ठेवा. एकच खर्च एचएसए, एफएसए आणि रिटर्नमधली वजावट यांपैकी एकाच ठिकाणी दाखवता येतो.

६५ च्या आत एचएसएमधून बिगर-वैद्यकीय खर्च झाला तर त्यावर कर आणि वर २० टक्के दंड लागतो. एचएसएचं कार्ड डायपरवर चुकून वापरलं गेलं असं लक्षात आलं, तर खात्याच्या कंपनीला 'मिस्टेकन डिस्ट्रिब्युशन'चा फॉर्म मागा आणि रिटर्नच्या मुदतीआधी तेवढे पैसे परत भरा. बहुतेक कंपन्या ते स्वीकारतात.